दाढेत पू झाला तर: नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

दाढेचे दुखणे बहुधा रात्रीच बळावते. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि ज्या दातात आधीच सूज आली आहे, पू कोंडला आहे, त्यात नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक कळ उठते. आपल्याकडे ‘दाढ ठणकते’ म्हणतात तो शब्द या दुखण्याला अगदी नेमका बसतो. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणारा मुलगा असो, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत नुकताच लागलेला कामगार असो किंवा मिहानमध्ये बदली होऊन आलेले कुटुंब असो, अशा रात्री नव्या शहरात कुणाचे दार ठोठवावे हे त्यांना ठाऊक नसते. मग जवळच्या औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन वेळ मारून नेली जाते. गेली अनेक वर्षे या शहरात दातांचे रुग्ण तपासताना मी हेच पुन्हापुन्हा पाहत आलो आहे, आणि म्हणूनच काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या खुणा दिसल्या की क्षणभरही थांबू नये, हे सविस्तर लिहीत आहे.

आधी हे दुखणे समजून घ्यावे

दाताच्या कठीण आवरणाच्या आत मधोमध एक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. बोलीत आपण त्यालाच दाताची नस म्हणतो. कीड वरचे आवरण पोखरत नसेपर्यंत पोहोचली की जंतू आत शिरतात, नस सुजते आणि चारही बाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे सुजेला पसरायला जागा न मिळून ती मरते. मेलेल्या नसेत वाढलेले जंतू आणि त्यांच्याशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशी यांचा पू होतो. तो मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरतो. हेच दाताचे गळू.

या प्रवासात एक फसवी जागा आहे. नस मरते तेव्हा असह्य ठणका एकाएकी थांबतो, किंवा हाड फोडून पू हिरडीत पुटकुळीच्या रूपाने बाहेर येतो, दाब कमी होतो आणि माणसाला बरे वाटते. तोंडात खारट, घाण चव येते एवढेच. गालाला टेनिसच्या चेंडूएवढी सूज घेऊन आलेल्या एका काकांना मी विचारले होते की तीन आठवड्यांपूर्वी दाढ दुखत होती तेव्हाच का नाही आलात. ते म्हणाले, “दुखनं तं थांबलं होतं जी, मंग कायले येऊ?” त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण दुखणे थांबले की आजार गेला असेच आपल्या शरीराने आपल्याला शिकवलेले असते, परंतु दाताच्या बाबतीत ही शिकवण उलटी पडते. मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोहोचत नाही, त्यामुळे शरीराची स्वतःची ताकदही तिथे पोहोचत नाही आणि गोळीतले औषधही पुरेसे पोहोचत नाही. पुवाला वाट करून देणे आणि तो जिथे तयार होतो ती जागा साफ करणे किंवा तो दात काढणे, याशिवाय हे दुखणे मुळापासून जात नाही.

असाच पू हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल झालेल्या फटीतही होतो; तेव्हा दात किडलेला नसतो, पण हलू लागलेला असतो. अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली अन्न अडकूनही पू होतो. उपचार थोडे बदलतात, धोक्याच्या खुणा मात्र त्याच असतात.

पहिली पायरी: आत्ताच निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे

आरशासमोर उजेडात उभे राहावे किंवा घरातल्या कुणाला मोबाइलच्या टॉर्चने तोंडात पाहायला सांगावे. दुखरा दात एकच आहे, त्याच्यालगतची हिरडी फुगली आहे, गालावर थोडी सूज आहे, दातावर दात ठेवला की तो एकच दात उंच लागतो, पण ताप नाही, गिळता येते आणि तोंड नेहमीसारखे उघडते, अशी स्थिती असेल तर रात्र घरी काढता येते. सकाळी मात्र जायचेच.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नये. जबड्याच्या खाली किंवा हनुवटीखाली सूज असणे आणि ती दाबल्यावर लाकडासारखी टणक लागणे. जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणे. थुंकी गिळता न आल्याने लाळ गळणे. आवाज बदलून तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येणे. श्वास घ्यायला त्रास होणे किंवा आडवे पडले की गुदमरणे. सूज डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटणे किंवा दुहेरी दिसणे. थंडी वाजून ताप येणे. मान ताठ होणे, ग्लानी येणे, बोलणे असंबद्ध होणे. सूज काही तासांत डोळ्यांदेखत वाढत असेल तर तीही याच यादीत धरावी. श्वासाचा त्रास असेल तर रुग्णाला झोपवू नये, बसते ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दातांच्या दवाखान्याऐवजी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे, कारण तिथे आधी श्वासमार्ग सांभाळावा लागतो. दाताचे नंतर पाहता येते.

एका दाढेपायी जीव धोक्यात कसा येईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्याला आतून चिकटलेल्या, जिभेखालच्या तळाला धरून ठेवणाऱ्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात. त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता थेट गळ्याच्या बाजूला उतरतो, दोन्ही बाजूंना पसरतो आणि जिभेला वर व मागे ढकलून श्वासाची वाट अडवतो. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हाच पू मानेच्या पदरांमधून आणखी खाली, छातीच्या मधल्या पोकळीपर्यंत उतरू शकतो. वरच्या दातांची गोष्ट वेगळी. सुळ्याच्या मुळाशी झालेला पू नाकाच्या कडेने डोळ्याखाली जमतो आणि तिथल्या शिरांमधून, क्वचितच पण निश्चितपणे, मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीपर्यंत पोहोचू शकतो. वरच्या दाढांचा पू गालाच्या हाडातल्या सायनसमध्ये उतरतो, आणि माणूस महिनोन्‌महिने एका नाकपुडीतून वाहणाऱ्या सर्दीवर औषध घेत राहतो.

विदर्भात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. तोंड उघडेनासे होणे ही पू खोलवर पसरल्याची मोठी खूण आहे. एरवी निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. परंतु सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे खाणाऱ्यांच्या गालांची आतली त्वचा सुपारीमुळे कडक होऊन तोंड आधीच दोन किंवा एकाच बोटाएवढे उघडत असते. अशा माणसाला ही खूण कळतच नाही, आणि डॉक्टरांनाही उपकरण मागच्या दाढेपर्यंत नेणे अवघड जाते. म्हणून खर्रा खाणाऱ्याने आपले तोंड नेहमी किती बोटे उघडते हे लक्षात ठेवावे आणि तपासताना ते न लाजता सांगावे. तोंडातली गाठ किंवा जखम उपचारानंतरही दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती नुसती पुवाची समजून सोडून देऊ नये. कर्करोगाच्या शक्यतेसाठी तपासून घ्यावी.

दुसरी पायरी: रात्र काढताना

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून ते दुखऱ्या बाजूला मिनिटभर धरावे आणि थुंकावे. हे दर दोन-तीन तासांनी करावे. उशा रचून डोके उंच ठेवून झोपावे. गालावर बाहेरून थंड पाण्याची घडी किंवा रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ काढावा.

वेदनेसाठी प्रौढ माणसाने, दुसरा आजार नसेल तर, जेवणानंतर ४०० मिलीग्रॅम आयबुप्रोफेन घेतल्यास बराच आराम पडतो, कारण ते सूजही कमी करते. ते सहा ते आठ तासांनी, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला तीनपेक्षा जास्त वेळा घेऊ नये. जोडीला किंवा त्याऐवजी पॅरासिटामॉल चालते. त्याची २४ तासांतली एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये, आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी किंवा रोज दारू घेणाऱ्यांनी त्याहून बरीच कमी घ्यावी. दुकानात मिळणाऱ्या अनेक दुखण्याच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. पट्टीच्या मागचा मजकूर वाचला नाही तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन टाळावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो आणि दुखण्यामुळे दिवसभर पाणीही घेतलेले नसते. अशा कोरड्या पडलेल्या शरीरात हे औषध मूत्रपिंडाला इजा करू शकते, म्हणून पाणी पीत राहणे हाही उपचाराचाच भाग समजावा. पावसाळ्यात तापाबरोबर अंग मोडून येत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे.

आता जे करू नये ते. तव्यावर फडके गरम करून गाल शेकण्याची आपल्या घराघरांतली सवय इथे घातक ठरते, कारण उष्णतेने त्या भागात रक्त वाढते, सूज फुगते आणि पू त्वचेकडे सरकण्याची भीती असते. रात्रभर शेकून सकाळी आलेल्या एका बांधकाम मिस्त्रींचा गाल मला आजही आठवतो: त्वचा ताणून चकाकत होती, मधोमध जांभळट डाग पडला होता आणि बोट टेकवले की आत द्रव हलल्याचे जाणवत होते. त्यांचा पू त्वचेतून काढावा लागला आणि व्रण कायमचा राहिला. पुटकुळी सुईने किंवा टाचणीने फोडू नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशी धरून ठेवू नये, तिने हिरडी भाजते. लवंगेचे तेल कापसाच्या टोकावर थेंबभर लावले तर तात्पुरते बधिर करते, जास्त लावले तर तेही भाजते. तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवल्याने पुवात काहीही फरक पडत नाही.

आणि दुकानातून सुट्या गोळ्यांची पुडी आणू नये. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने सूज एका दिवसात उतरल्यासारखी दिसते आणि आतला संसर्ग मात्र बेमालूम वाढत राहतो.

तिसरी पायरी: नागपुरात जायचे कुठे

नव्या माणसाचा पहिला गोंधळ शब्दाचा होतो. इतर गावांत ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचे दुकान. नागपुरात कुणी “मेडिकलला जा” म्हणाले तर त्याचा अर्थ बहुधा मेडिकल चौकातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असा असतो. ‘मेयो’ म्हणजे सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रेल्वे स्टेशनाहून जवळ. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा असतील तर या दोन्हींपैकी जवळचे गाठावे.

दातांसाठी स्वतंत्र असे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून या शहरात आहे, आणि ते मेडिकलच्या परिसरातच आहे, ही रुग्णाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. तोंडातला पू मानेत उतरलेला आढळला तर पुढचे उपचार हाकेच्या अंतरावर असतात. तिथे सकाळी लवकर जाऊन आधी केस पेपर काढावा. आधार कार्ड, जुने एक्स-रे आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर ठेवाव्यात. गर्दी असते, एका विभागातून दुसऱ्या विभागात पाठवले जाते, त्यामुळे तो दिवस मोकळा ठेवूनच निघावे. हिंगणा रस्त्यावर डिगडोह आणि वानाडोंगरी इथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. मिहानच्या बाजूला राहणाऱ्यांना एम्स जवळ पडते.

खासगी दवाखाना निवडताना भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कुणालाही दातांवर उपचार करता येत नाहीत. बाजारात रस्त्याकडेला बसून ‘दाताचा किडा काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे कधीही जाऊ नये. दातात किडा नसतोच, आणि कापसावर दाखवलेली अळी हातचलाखीने आलेली असते.

चौथी पायरी: खुर्चीवर बसल्यावर

डॉक्टर विचारतील त्याआधीच आपण काही गोष्टी सांगाव्यात: मधुमेह, रक्तदाब, हृदयाची कृत्रिम झडप, गरोदरपण, पेनिसिलिनची किंवा अन्य कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी, आणि रक्त पातळ करणारी गोळी. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये.

त्यानंतर डॉक्टर दातावर उपकरणाच्या दांडीने हलके ठोकून पाहतात आणि थंड लावून नस जिवंत आहे का ते तपासतात. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी छटा दिसते. परंतु दुखणे दोन-चार दिवसांचेच असेल तर हाड झिजायला वेळ मिळालेला नसतो आणि फिल्म साफ दिसू शकते. फिल्मवर काही दिसले नाही म्हणून रोग नाही असे समजू नये. हिरडीवरच्या पुटकुळीला छिद्र असेल तर त्यातून गट्टापर्चाची (रबरासारख्या एका पदार्थाची) गुलाबी, बारीक, लवचिक काडी सरकवून एक्स-रे काढतात, आणि काडीचे टोक नेमक्या दोषी दाताकडे बोट दाखवते.

पुवाच्या जागी भुलीचे इंजेक्शन नीट लागू पडत नाही, कारण तिथले वातावरण आम्लधर्मी झालेले असते. म्हणून सुई थोड्या दूर, जिथून मज्जातंतू येतो तिथे देतात. दाब जाणवेल. कळ जाणवली तर हात वर करून थांबवावे, सोसत बसू नये.

पुढे दोन वाटा असतात. दात वाचण्यासारखा असेल तर वरून छिद्र पाडून नसेची पोकळी उघडतात. कधीकधी त्याच क्षणी पुवाचा थेंब वर येतो आणि तीन रात्री न झोपलेल्या माणसाचे खांदे सैल पडतात. या कामात मला सर्वांत समाधान देणारा क्षण तोच. मग फाइल म्हणजे कानशीसारख्या बारीक सुयांनी मुळाच्या नळ्या साफ करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात, गरज असल्यास आत औषध ठेवून दात तात्पुरता बंद करतात आणि पुढच्या खेपेला नळ्या गट्टापर्चाने भरतात. हेच रूट कॅनल. त्याला एक ते तीन खेपा लागतात. दात फारच पोखरला असेल, मूळ तडकले असेल किंवा पुढच्या खेपांना येणे शक्यच नसेल तर दात काढणे हा पूर्ण आणि प्रामाणिक उपचार आहे. हिरडी फुगून मऊ झाली असेल तर या दोन्हींबरोबर छोटा छेद देऊन पू काढतात. ‘सूज उतरल्याशिवाय दाढ काढतच नाहीत’ असा सरसकट नियम नाही. पुष्कळदा ती काढल्यानेच सूज उतरते. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो हीही निव्वळ भीती आहे. डोळ्याला खरा धोका पू तसाच ठेवण्यात आहे.

अँटिबायोटिकविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनातही असेच सुचवले आहे की दातावर लगेच उपचार होणार असतील आणि ताप किंवा पसरणारी सूज नसेल, तर प्रौढ निरोगी माणसाला बहुतेक वेळा ही औषधे लागत नाहीत. ताप, पसरती सूज किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल तेव्हा ती जरूर द्यावीत, पण पू काढण्याच्या जोडीला. यांपैकी मेट्रोनिडाझोल हे औषध दिले असेल तर औषध चालू असताना आणि त्यानंतर काही दिवस दारूला हात लावू नये. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर गोळी बदलून मागण्याऐवजी पुन्हा तपासणीला यावे.

ज्यांनी जास्त जपायचे

मधुमेही माणसात पू वेगाने पसरतो, आणि पुवामुळे साखरही वाढते. म्हणजे एकाने दुसऱ्याला खतपाणी मिळते. दाढ सुजल्यावर साखर घरी रोज तपासावी, चावता येत नाही म्हणून उपाशी राहून इन्सुलिन किंवा गोळी घेऊ नये, पातळ खिचडी, पेज, वरण असे काही पोटात ठेवावे.

गरोदर स्त्रीने “बाळंतपण झाल्यावर पाहू” असे म्हणू नये आणि घरच्यांनीही म्हणायला लावू नये. पू झालेला दात कोणत्याही महिन्यात उपचार करण्याजोगा असतो. मधले तीन महिने अधिक सोयीचे, इतकेच. दाताच्या एक्स-रेतून होणारा किरणांचा मारा अत्यल्प असतो. पॅरासिटामॉल चालते; आयबुप्रोफेन टाळावे, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे घेऊ नयेत.

दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून मुलांचा पू दुर्लक्षित राहतो. त्या मुळांखालीच कायमचा दात घडत असतो आणि पुवामुळे त्याच्या आवरणावर डाग किंवा खड्डे राहू शकतात. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये, आणि औषधाची मात्रा वजनावरून डॉक्टरांनीच ठरवावी.

पाचवी पायरी: घरी परतल्यावर

दात काढला असेल तर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. पहिले २४ तास थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये, कारण खड्ड्यात गोठलेले रक्त निघून गेले तर दोन-तीन दिवसांनी हाड उघडे पडून आधीपेक्षा वाईट दुखू लागते. खर्रा, तंबाखू, सिगारेट यांनी हेच होते. निदान आठवडाभर तरी त्या बंद ठेवाव्यात, आणि कायमच्या सोडायला याहून चांगली वेळ क्वचितच येते. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ भरावी. फक्त छेद देऊन पू काढला असेल तर गुळण्या केव्हापासून करायच्या हे डॉक्टरांनाच विचारून घ्यावे, कारण तिथे वाट उघडी राहणेच हिताचे असते.

रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप बसवण्याचे काम बहुतेक जण पुढे ढकलतात. दुखत नसते, खर्च असतो, आणि तात्पुरते भरलेले सिमेंट काही आठवड्यांतच झिजून जंतूंना पुन्हा वाट देते. वरून पोकळ झालेली दाढ एखाद्या दिवशी सुपारीचे खांड किंवा भाजलेला हरभरा चावताना मुळापर्यंत उभी चिरते आणि मग काढण्याशिवाय इलाज उरत नाही. कॅपचा खर्च रूट कॅनल सुरू करण्यापूर्वीच विचारून दोन्हींची सोय एकदम करावी.

सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने त्याच दाताचा एक्स-रे काढावा आणि जुना एक्स-रे बरोबर न्यावा. दोन्ही फिल्म शेजारी धरल्या की मुळाच्या टोकाशी आधी असलेला काळा डाग लहान झालेला दिसतो, आणि त्याच्या कडेने नवे हाड भरत आलेले असते. तो डाग तसाच राहिला असेल किंवा वाढला असेल तर दात दुखत नसला तरी उपचार पुन्हा करावे लागतात.